गुडघ्यावर कोण बसलंय?

यंदाच्या जयंतीच्या पंधरा दिवस आधी आमच्या हातून एक चूक झाली. चूक भिंतीवर होती, चांगली दहा फूट रुंद. आता तिच्यावर पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले आहेत, तरी उन्हात नीट पाहिले तर खालच्या साखळ्या अजून दिसतात. चूक काय होती आणि ती आम्हाला कोणी दाखवली हे लिहिणे गरजेचे वाटते, कारण तशीच चित्रे आज गावोगावच्या भिंतींवर, बॅनरवर आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर फिरत आहेत.

मराठवाड्यातल्या ज्या तालुक्याच्या गावी आम्ही काम करतो, तिथल्या बुद्धविहाराला रस्त्याच्या बाजूने लांब भिंत आहे. जयंतीनिमित्त तिच्यावर चित्र काढायचे ठरले. पोरांनी वर्गणी काढली, रंगाचे डबे आणले. वस्तीतलाच एक मुलगा चित्रकलेचे शिक्षण घेतो, काम त्याच्याकडे आले. त्याने मोबाईलवर नमुना दाखवला. मधोमध निळ्या कोटातले बाबासाहेब, हात पुढे केलेला. समोर उघड्या अंगाचा माणूस, एक गुडघा जमिनीवर, मनगटांत साखळ्या, त्यातली एक कडी तुटलेली, मान वर करून बाबासाहेबांकडे बघतो आहे. वर अक्षरे: स्वातंत्र्य, समता, बंधुता. आम्ही एका मिनिटात होकार दिला. समाजशास्त्रात एम.ए. केलेले, अभ्यासवर्गात प्रतीकांच्या राजकारणावर तास तास बोलणारे आम्ही!

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वंदनेला आलेली एक आजी भिंतीपुढे थांबली. वय सत्तरीच्या पुढे, शाळेचे तोंड पाहिलेले नाही. बराच वेळ बघून तिने विचारले, "लेकरा, ह्यो गुडघ्यावर कोन बसलाय?"

"आजी, हा आपला समाज. बाबासाहेबांनी त्याच्या बेड्या तोडल्या, असं दाखवलंय."

"आपला समाज? म्हंजी मी बी? मी कवा बसले व्हते अशी?"

मग तिने जे सांगितले ते वस्तीतल्या निम्म्या पोरांना ठाऊक नव्हते. डिसेंबर 1964 मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा आजी दहा वर्षांची होती. तिची आई तिला घेऊन चालत तालुक्याला गेली, कचेरीपुढे उभी राहिली, पकडली गेली आणि मायलेकी दोघी तुरुंगात गेल्या. "शिपाई म्हनला, बस खाली. माय बसली न्हाई. उभीच व्हती. आन तुमी तिला हितं बसवली व्हय?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. रात्री घरी येऊन ते चित्र मुळात कुठून आले याचा माग काढत बसलो.

ते चित्र आपले नाहीच. 1787 साली इंग्लंडमध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी एक संस्था स्थापन झाली. तिच्या मोहोरेवरचे चित्र जोसाया वेजवुड या चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखानदाराने छोट्या पदकांवर उतरवून वाटले. पदकावर एक काळा माणूस एक गुडघा टेकून बसला आहे, बेड्या घातलेले हात जोडून वर बघतो आहे आणि विचारतो आहे की मी माणूस नाही का, भाऊ नाही का. हे पदक इतके लोकप्रिय झाले की श्रीमंत बायका ते बांगडीत आणि केसांच्या पिनेत बसवून मिरवू लागल्या, पुरुष तपकिरीच्या डबीवर लावू लागले. वेजवुडचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही, त्या पदकाने गुलामगिरीविरुद्ध मोठे जनमत तयार केले हे खरे आहे. पण हे चित्र कोणासाठी काढले होते? गुलामासाठी नाही. ज्याच्या हातात गुलामाला सोडायची किंवा न सोडायची सत्ता आहे, त्याच्यासाठी. त्याला दया यावी, पण भीती वाटू नये, म्हणून माणूस गुडघ्यावर बसवला. उभा काढला असता तर बांगडीत कोणी बसवला असता?

आणि प्रश्न बघा. मी माणूस नाही का, हे विचारावे लागते तेव्हा उत्तर देण्याचा अधिकार समोरच्याला आधीच देऊन टाकलेला असतो. महाडला आपल्या माणसांनी प्रश्न विचारला नव्हता. ते तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले.

महाडचे नाव घेतले म्हणून फ्रान्सकडे वळतो, कारण ती वाट बाबासाहेबांनीच दाखवली आहे. डिसेंबर 1927 च्या महाडच्या परिषदेत, मनुस्मृती जाळली त्या परिषदेत, अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी आपल्या सभेची तुलना 1789 मध्ये व्हर्सायला भरलेल्या फ्रान्सच्या सभेशी केली होती. तळ्याचे पाणी एवढाच आपला उद्देश नाही, समतेच्या पायावर समाजाची नवी मांडणी करायची आहे, हे त्यांना सांगायचे होते. त्यामुळे फ्रेंच राज्यक्रांतीची चित्रे वाचणे हे आपल्यासाठी परक्यांच्या घरात डोकावणे नाही. पुढे 1954 मध्ये रेडिओवरच्या भाषणात बाबासाहेबांनी हेही स्पष्ट केले की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली आहेत. ही दोन्ही वाक्ये एकत्र ठेवून वाचली पाहिजेत. फ्रान्सकडे बघा, पण फ्रान्सपुढे गुडघे टेकू नका.

त्या व्हर्सायच्या सभेचे प्रसिद्ध चित्र जाक-लुई दाव्हिदने काढायला घेतले. 20 जून 1789 रोजी प्रतिनिधींना सभागृह बंद सापडले, तेव्हा ते जवळच्या टेनिसच्या आवारात जमले आणि राज्यघटना तयार झाल्याशिवाय पांगणार नाही अशी शपथ त्यांनी घेतली. दाव्हिदच्या रेखाटनात मधोमध सभेचा अध्यक्ष बायी टेबलावर उभा आहे आणि चहूबाजूंनी शेकडो हात त्याच्या दिशेने उठलेले आहेत. पुढे तीन धर्मगुरू गळाभेट घेतात, त्यात एक कॅथलिक, एक प्रोटेस्टंट आणि एक मठवासी. गंमत म्हणजे तो मठवासी त्या दिवशी तिथे हजरच नव्हता. धर्माधर्मांची बंधुता दाखवायची म्हणून चित्रकाराने त्याला आणून उभा केला. वाऱ्याने पडदे फुगले आहेत, बाहेर वीज कोसळते आहे. उजव्या कोपऱ्यात शपथ घ्यायला नकार देणारा एकटा माणूस छातीवर हात बांधून बसला आहे, आणि त्यालाही चित्रात जागा आहे, ही गोष्ट आम्हाला आवडते.

आता वर बघा. उंच खिडक्यांत गर्दी दिसते, त्यात बायका आहेत, पोरे आहेत. प्रजा ती, आणि तिची जागा खिडकीत. खाली सही करणारे, वर टाळ्या वाजवणारे. काही आठवड्यांनी बास्तीय फोडणारे हात मात्र खिडकीतल्या जमातीचे होते.

हे चित्र दाव्हिदला कधीच पुरे करता आले नाही. 1791 च्या प्रदर्शनात रेखाटन लागले, मोठ्या कॅनव्हासवर काम सुरू झाले, तोवर चित्रातले वीर एकेक करून देशद्रोही ठरू लागले. टेबलावर उभा असलेला बायी नोव्हेंबर 1793 मध्ये गिलोटिनखाली गेला. नेत्यांचे चेहरे मध्यभागी ठेवून काढलेल्या क्रांतीच्या चित्राचे असे होते. आपल्याकडच्या किती बॅनरवरचे चेहरे दर निवडणुकीला बदलतात, ते तुम्हीच मोजा.

आमच्या अभ्यासवर्गाच्या पहिल्याच स्लाइडवर गेली चार वर्षे दुसरे एक फ्रेंच चित्र आहे, देलाक्रवाचे. जुलै 1830 च्या पॅरिसमधल्या उठावावरचे. मुडद्यांच्या ढिगावरून तिरंगा घेऊन पुढे जाणारी बाई, उघडी छाती, पायांत काही नाही, दुसऱ्या हातात बंदूक, शेजारी दोन पिस्तुले नाचवणारा पोरगा, दुसरीकडे उंच हॅट घातलेला माणूस आणि तलवार घेतलेला कामगार. पोरांना हे चित्र लगेच भिडते. आम्हीही 'ही बघा क्रांती' असे म्हणून पुढच्या स्लाइडवर जात होतो. आजीच्या प्रश्नानंतर ते पुन्हा काढून बसलो आणि तोच प्रश्न त्याला विचारला. उभे कोण आहे, आडवे कोण आहे आणि नाव कोणाला आहे?

त्या बाईच्या डोक्यावरची टोपी बघा. प्राचीन रोममध्ये गुलामाला मुक्त केले की त्याला एक टोपी मिळत असे. फ्रेंच क्रांतिकारकांनी तीच कल्पना उचलली, तिला पुढे झुकलेल्या टोकाच्या फ्रिजियन टोपीचा आकार दिला आणि लाल रंगाची टोपी स्वातंत्र्याची खूण केली. मुक्त गुलामाची टोपी! ही टोपी पॅरिसमधले वकील आणि व्यापारी डोक्यावर घालत होते तेव्हा फ्रान्सच्या सां-दोमांग या वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, लाखो खरे गुलाम उसाच्या मळ्यांत मरत होते. त्यांना टोपी कोणी दिली नाही. ऑगस्ट 1791 मध्ये ते स्वतः उठले, मळे जाळले, सैन्याशी लढले. फेब्रुवारी 1794 मध्ये पॅरिसच्या सभेने गुलामगिरी रद्द केली, ती या लढाईनंतर. पण त्या काळात पॅरिसमध्ये ब्वाझो या कलावंताच्या चित्रांवरून जे छाप निघाले, त्यांत एक काळा पुरुष आणि एक काळी स्त्री ती टोपी घालून दिसतात आणि खाली मोडक्यातोडक्या, पोरकट फ्रेंचमध्ये लिहिले आहे, 'मी पण मुक्त'. ज्याने सैन्य हरवले त्याच्या तोंडी बोबडे बोल! आपल्याकडच्या जुन्या नाटक-सिनेमांत आपल्या माणसाच्या तोंडी कोणती भाषा घालत आले आहेत, ते आठवा.

आणि ती बाई कोण? तिला नाव नाही. ती स्वातंत्र्य आहे, म्हणजे कोणीच नाही. 1792 मध्ये प्रजासत्ताकाच्या मोहोरेवर बाईचीच आकृती आली. 1791 मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिणारी ओलांप द गूज ही हाडामांसाची बाई मात्र नोव्हेंबर 1793 मध्ये गिलोटिनवर चढवली गेली, आणि त्याच्या चार दिवस आधी बायकांच्या राजकीय मंडळांवर बंदी आली होती. फ्रान्सच्या बायकांना मताचा हक्क मिळाला 1944 मध्ये. चित्रात बाई जितकी उंच, रस्त्यावर ती तितकीच अडवलेली. भारतमातेच्या तसबिरीपुढे आरती करणाऱ्यांनीच हिंदू कोड बिलाला कसा विरोध केला आणि बाबासाहेबांनी 1951 मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा का दिला, हे या चित्राशेजारी ठेवून शिकवायला हवे. पुढच्या वर्गात तसेच करणार आहोत.

चित्राच्या तळाशी डाव्या हाताला एक मुडदा आहे. अंगात नुसता सदरा, विजार नाही, एका पायात मोजा. गोळी लागल्यावर कोणीतरी त्याचे कपडेही काढून नेले असावेत. त्या तीन दिवसांत जे मेले, त्यांच्या मरणाने एक राजा गेला आणि दुसरा, लुई-फिलिप, गादीवर बसला. नव्या कायद्यात मताचा हक्क कोणाला, तर वर्षाला किमान 200 फ्रँक प्रत्यक्ष कर भरणाऱ्याला. चित्रातल्या तलवारवाल्या कामगाराला तो मिळणे शक्यच नव्हते. नव्या सरकारने हे चित्र विकत घेतले आणि थोड्याच दिवसांत लोकांच्या नजरेआड ठेवले. राज्य मिळाल्यावर क्रांतीचे चित्र गोदामात टाकायचे असते, ही रीत जुनी आहे.

मग उभा असलेला माणूस कुठे सापडला? एक सापडला. जिरोदेने 1797 मध्ये काढलेले जाँ-बाप्तिस्त बेलेचे चित्र. बेले आफ्रिकेतून लहानपणीच गुलाम म्हणून सां-दोमांगला आणलेला, स्वतःची किंमत मोजून सुटलेला, सैन्यात कप्तान झालेला आणि तिथून निवडून पॅरिसच्या सभेत बसलेला प्रतिनिधी. गुलामगिरी रद्द झाली त्या दिवशी तो सभेत हजर होता. चित्रात तो प्रतिनिधीच्या पूर्ण पोशाखात आहे, कमरेला तिरंगी पट्टा, हातात तिरंगी पिसांची हॅट, कानात डूल, केस पांढरे होत आलेले. गुलामगिरीवर टीका करणाऱ्या रेनाल या गोऱ्या विचारवंताच्या संगमरवरी अर्धपुतळ्याला तो रेलून उभा आहे. हात जोडलेले नाहीत आणि नजर आपल्याकडेही नाही, ती आपल्या डोक्यावरून कुठेतरी लांब गेली आहे. हे चित्र आम्ही रात्री दोन वाजेपर्यंत बघत होतो.

पण इथेही घाईने आनंदून जाऊ नये. पहिल्यांदा प्रदर्शनात लागले तेव्हा या चित्राचे शीर्षक एका निग्रोचे चित्र एवढेच होते. सभेचा निवडून आलेला सदस्य, आणि नाव नाही! पुढच्या वर्षी त्याचे नाव छापले गेले. रेनालचे पांढरे डोके बेलेच्या काळ्या डोक्यापेक्षा उंचावर आहे, त्याचाही अर्थ लावणारे लावतात: हा काळा माणूस गोऱ्याच्या विचारावर उभा आहे असे सुचवायचे आहे का? आम्हाला तसे वाटत नाही. तो पुतळ्याला असा टेकला आहे, जसा आपण पारावर गप्पा मारताना खांबाला टेकतो. मालकाच्या घरात कोणी असे टेकत नाही. बेलेचा शेवट मात्र वाईट झाला. 1802 मध्ये नेपोलियनने गुलामगिरी पुन्हा लादली. ज्या फ्रान्सची त्याने सेवा केली, त्याच फ्रान्सने त्याला पकडून एका बेटावर कैदेत टाकले आणि 1805 मध्ये तो तिथेच मेला. त्याच्या आधीच्या वर्षी, 1 जानेवारी 1804 रोजी, हैती स्वतंत्र झाली होती.

हे सगळे दुसऱ्या दिवशी विहारात पोरांपुढे मांडले आणि भिंत पुसायचा प्रस्ताव ठेवला. वाद झाला, चांगलाच झाला. एकाचे म्हणणे, बाबासाहेब आपले मुक्तिदाते आहेत, त्यांच्यापुढे गुडघा टेकलेला दाखवला तर बिघडले काय? त्याला आम्ही 25 नोव्हेंबर 1949 चे घटना समितीतले भाषण काढून वाचायला सांगितले. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा त्याच भाषणात आहे. दुसऱ्याने नेमका प्रश्न टाकला. "दादा, विहारात आपण रोज पंचांग प्रणाम करतो. तेव्हा गुडघे टेकतोच की."

त्याचा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. आमचे म्हणणे असे की प्रणाम करणाऱ्याचे हात मोकळे असतात, तो स्वतः वाकतो आणि स्वतः उठतो, आणि तथागत कोणाला मोक्ष वाटत नाहीत, मार्ग दाखवतात. भिंतीवरचा माणूस उठेल की नाही, हे मात्र समोरच्या हातावर अवलंबून आहे. त्या पोराला हे उत्तर अर्धेच पटले. खरे सांगायचे तर आम्हालाही अजून विचार करावा लागेल.

चित्रे कशाला एवढी चिवडायची, पोटाचे बघा, असेही एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले. त्यांना आजीच्याच सत्याग्रहाची आठवण दिली. 1964 च्या त्या लढ्याच्या मागण्यांत कसणाऱ्याला जमीन, स्वस्त धान्य, किमान वेतन हे सगळे होते. आणि त्याच यादीत संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, ही मागणी होती. उपाशी, भूमिहीन माणसे लाखोंच्या संख्येने तुरुंगात गेली ती जमिनीसाठी, आणि एका चित्रासाठीही. ते चित्र सेंट्रल हॉलमध्ये लागले 12 एप्रिल 1990 रोजी. चित्रातली जागा ही सत्तेतली जागा असते, हे त्या लोकांना शिकवायला कोणत्या विद्यापीठाची गरज पडली नव्हती.

बाबासाहेबही ही भाषा जाणत होते. महाडच्या त्याच परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले आणि अस्पृश्यतेची ओळख पटवणारी लुगडे नेसायची पद्धत सोडा, ते जाड चांदीचे दागिने टाकून द्या, असे सांगितले. अंगावरची खूण वाचायची आणि ती बदलायची. बायकांनी तिथल्या तिथे लुगडे घोट्यापर्यंत सोडून नेसायला सुरुवात केली.

भिंत पुसली. चित्रकार पोरगा दोन दिवस आमच्याशी बोलला नाही, आणि त्याचा राग रास्त होता. तीन दिवस उन्हात उभे राहून त्याने काम केले होते आणि होकार आमचा होता. वर्गणीतले रंगाचे पैसे आम्ही भरून दिले, ती काही फार मोठी गोष्ट नाही. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच आजीकडे गेला. भिंतीवर कचेरीपुढे उभ्या राहिलेल्या बायका काढायच्या, मध्ये आजी, असे त्याच्या मनात होते.

"माझं नगं," आजी म्हणाली. "मायचं काढ."

आजीच्या आईचा एकही फोटो नाही. पोराने वही काढली आणि विचारत बसला. नाक कसे होते, कपाळावर गोंदण होते का, लुगडे कसे नेसायची, पदर डोक्यावर होता की खांद्यावर. लुगड्याचा रंग आजीने पटकन सांगितला, हिरवे, काठ लाल. पायांत काही नव्हते हेही सांगितले. तोंडापाशी मात्र ती अडली. "मी मागं व्हते रं, पदर धरून. मला तिची पाठच दिसायची."

"मग पाठमोरी काढू का आजी?"

"पाठमोरी कशाला? लोकास्नी तोंड दिसू दे की."

जयंती होऊन गेली. भिंतीवर कचेरीचा दरवाजा आहे, शिपाई आहे, हिरवे लुगडे आहे, अनवाणी पाय आहेत, पदर धरलेली पोर आहे. तोंड त्याने आतापर्यंत तीनदा काढले आणि तीनदा आजीने मान हलवली. येत्या रविवारी तो पुन्हा तिच्याकडे बसणार आहे. आजीची एक मावसबहीण शेजारच्या तालुक्यात राहते, तिचे तोंड मायसारखे आहे म्हणतात. तिला आणायला आम्ही जाणार आहोत.